एक औंस किंवा त्याहून कमी

विधेयकात आमचं नाव कुठेच नव्हतं.
'एक औंस किंवा त्याहून कमी वजनाचे शिशाचे तुकडे:
विक्री, वाटप, विक्रीसाठी बाळगणे.'
एवढंच. पण तेवढंच तर आम्ही बनवतो,
गळाच्या दोरीला बांधायची वजनं.
वलेट आणि मुली, गॅरेजच्या मागे, एकसष्ट सालापासून.
मुली म्हणजे मी आणि क्लोदेत.
क्लोदेत आता फ्लोरिडात असते.

राजधानीला मी पहाटे चारला निघाले.
रस्त्यावर बर्फ, आणि शेजारच्या सीटवर
बाबांचा साचा, टॉवेलात गुंडाळलेला,
पट्टा लावून बसवलेला, माणसासारखा.

साक्ष द्यायला तीन मिनिटं.
टेबलावर एक दिवा: हिरवा, पिवळा, लाल.
माझ्याकडे आकडे होते.
कथील शिशाच्या नऊपट महाग.
कामावर तीन माणसं, त्यातला गॅस्टन साठीचा,
त्याला दुसरं काही येत नाही
आणि हे त्याच्यासारखं कुणाला येत नाही.
नदीवरचा पूल ओलांडला की दुसरं राज्य,
तिथल्या दुकानात हेच वजन
काचेच्या बरणीत, राजरोस.

माझ्या आधी एक पशुवैद्य बाई उठली.
फार बोललीच नाही.
एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

लून. आमच्याच तळ्यांवरचा, लाल डोळ्यांचा.
रात्री तो ओरडतो तेव्हा पाहुणे उठून दार लावतात
आणि आम्हाला झोप लागते.
दळणासाठी खडे गिळतात हे पक्षी, कोंबड्यांसारखे.
पोटात खड्यांची करडी गर्दी,
आणि मध्ये एक पांढराशुभ्र थेंब.

थेंबाच्या डाव्या खांद्यावर बारीकशी शेपटी.

ती शेपटी मला ठाऊक आहे.
आई हॉस्पिटलात होती त्या आठवड्यात
साचा बाबांच्या हातून पडला, बिजागरी हलली.
तेव्हापासून तिसऱ्या खोबणीतल्या प्रत्येक वजनाला
डावीकडे ती येते.
गॅस्टन कानशीनं घासून टाकतो.
शुक्रवारी कधी कधी नाही घासत.

कानात शिसं ओतल्यासारखी मी बसून राहिले.
'पुढचं नाव, मिस ओउ... ओएल...'
वलेट, मी म्हणाले.

हिरवा. आकडे वाचले.
आवाज बहुतेक माझाच होता.
पिवळा.
टॉवेल सोडला, साचा उघडून समितीपुढे ठेवला.
फोटोतला तो आमचा आहे, म्हटलं.
तिसरी खोबण.

अध्यक्षांनी चष्मा काढला.
टिपणं घेणारा मुलगा म्हणाला,
'पुन्हा सांगता का? नोंदीसाठी.'
लाल दिवा लागला होता.
तरी पुन्हा सांगितलं.

कायदा झाला. एकोणीस विरुद्ध चौदा.
मुदत मागितली पाच वर्षांची, मिळाली दोन.
बदल करणाऱ्यांना अनुदान आहे, अर्ज बावीस पानी,
पात्रता: किमान दहा कामगार.
गॅस्टन फ्रेंचमध्ये जे बोलला
ते इथे लिहीत नाही.

कथील लवकर वितळतं, हे कबूल करायला हवं.
जानेवारीत खिडकी उघडून ओतावं लागत नाही.
पण हलकं. तेवढ्याच वजनाला थेंब मोठा होतो,
वाऱ्यात दोरी तिरकी जाते,
गिऱ्हाईक बरणीत हात घालतं,
किंमत विचारतं,
हात रिकामाच बाहेर काढतं.
पुलापलीकडे जाऊन येतं, मला दिसतं.
दोन महिन्यांपूर्वी तिसऱ्या माणसाला नाही म्हणावं लागलं.

कथलाची कांडी वाकवली की आतून करकरते.
धातूचं रडणं म्हणतात त्याला.
गॅस्टन रोज सकाळी एक वाकवतो, कानाशी धरून.
माल अस्सल आहे ना ते बघतो, असं त्याचं म्हणणं.

जुना साचा दाराला अडसर म्हणून ठेवलाय.
नव्यात अजून एकही चूक नाही.
उद्या कुठल्या खिडकीत कुणी फोटो धरलाच,
तर आमचं वजन
मला ओळखू येणार नाही.